हाली, कलदार आणि आकाशगंगेतील क्रेडिट

विज्ञानकथेचा लेखक नवे ग्रह, नवे प्राणी आणि प्रकाशाच्या वेगाला मागे टाकणारी याने कल्पितो, तेव्हा वाचक त्याला बरीच मोकळीक देतो. परंतु त्या ग्रहावरील एखादा प्रवासी खाणावळीत जेवला आणि उठताना त्याने पैसे मोजले, की ते पैसे कोणी पाडले, त्यांचे मोल कशावर ठरले आणि शेजारच्या ग्रहावर ते कोण घेईल, या प्रश्नांतून लेखकाची सुटका नसते. बहुतेक लेखक या प्रश्नांवर ‘क्रेडिट’ या एकाच शब्दाने पडदा टाकतात. एडवर्ड बेलामी या अमेरिकी लेखकाने १८८८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘लुकिंग बॅकवर्ड’ या कादंबरीत इसवी सन २००० मधील नागरिकांच्या हाती नाण्यांऐवजी एक कार्ड दिले होते आणि त्यावर वर्षभराच्या खर्चाची पत नोंदलेली असे; पुढे विसाव्या शतकातील अंतराळकथांनी हाच शब्द उचलला, आणि आयझॅक असिमोव्ह यांच्या ‘फाउंडेशन’ मालिकेतील साम्राज्यापासून ‘स्टार वॉर्स’पर्यंत कोट्यवधी सूर्यमालांचा व्यवहार क्रेडिटमध्ये चालू लागला. हजारो प्रकाशवर्षे पसरलेल्या प्रदेशात एकच चलन, एकच भाव आणि कुठेही बट्टा नाही, ही कल्पना प्रकाशाहून वेगवान यानापेक्षा अधिक अशक्य कोटीतील आहे, हे मात्र फार थोड्या लेखकांच्या ध्यानात आले.

काल्पनिक चलनाची खरी परीक्षा त्याच्या नावावरून किंवा आकारावरून होत नाही. ते चलन आपल्या हद्दीच्या टोकाला पोचते तेव्हा काय होते, आणि ते काढणारी सत्ता कोसळते तेव्हा काय होते, या दोन प्रसंगी ती होते. महाराष्ट्रात या दोन्ही प्रसंगांचा प्रत्यक्ष अनुभव घेतलेला प्रदेश म्हणजे मराठवाडा. गंगाखेडहून लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील पालम हे आज परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे; परंतु विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या संस्थानाचा रुपया मुंबई इलाख्यातील रुपयाहून निराळा होता. पालमचा शेतकरी, गंगाखेडचा व्यापारी आणि परभणीचा सराफ ज्या रुपयात हिशेब करीत तो ‘हाली’, आणि हद्दीपलीकडचा तो ‘कलदार’. हाली म्हणजे सध्या चालू असलेला, आणि कलदार म्हणजे कळीवर, अर्थात यंत्रावर, पाडलेला. या दोन रुपयांच्या नात्याचा इतिहास पाहिला, तर विज्ञानकथाकारांनी कष्टाने रचलेल्या कित्येक चलनव्यवस्थांचे मूळ नमुने त्यात सापडतात.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाच्या मुलखात एकच एक रुपया नव्हता. ठिकठिकाणच्या टांकसाळी होत्या, नाणी पाडण्याचा मक्ता घेणारे होते, आणि गोविंदबक्षी, नारायणपेठी अशा नावांचे रुपये वेगवेगळ्या कसाचे असत. कस म्हणजे धातूतील शुद्ध चांदीचे प्रमाण. मराठी मुलखातही चांदवडी, अंकुशी असे रुपये आणि तांब्याची शिवराई अशी सरमिसळ होतीच, त्यामुळे नाणे हाती आले की ते वाजवून, घासून आणि तोलून पाहणारा सराफ हा बाजाराचा अपरिहार्य घटक होता. पहिल्या सालारजंगाच्या दिवाणगिरीत टांकसाळीचा कारभार हैदराबाद शहरात एकवटला गेला आणि हाली सिक्का हा संस्थानाचा प्रमाण रुपया ठरला. १८५७ च्या उठावानंतर दिल्लीचा बादशहा पदच्युत झाला, तोवर निजामाची नाणी मोगल बादशहाच्या नावाने निघत असत. १८५८ पासून त्यांवर निजाम घराण्याच्या आसफजाहचे नाव आले. बादशहाची प्रत्यक्ष सत्ता कितीतरी आधी संपलेली असूनही त्याचे नाव नाण्यावर टिकून राहिले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण नाण्यावरील नाव हे सत्तेचे वर्णन नसून प्रजेच्या सवयीचे वर्णन असते.

विसाव्या शतकाच्या आरंभी यंत्रावर पाडलेली, चारमिनारचे चित्र असलेली नाणी आली. चारमिनारच्या दारात त्या त्या निजामाच्या नावाचे आद्याक्षर असे, मीर महबूब अली खान यांच्या काळात ‘मीम’ आणि मीर उस्मान अली खान यांच्या काळात ‘ऐन’. असा एक चांदीचा रुपया तराजूत घातला, तर त्याचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम भरते आणि त्यातील चांदी सुमारे ८१.८ टक्के असते; म्हणजे शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅम. कलदाराचे वजन एक तोळा, अर्थात ११.६६ ग्रॅम, आणि कस ९१.७ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. शंभर कलदार रुपयांत जेवढी चांदी, तेवढी मिळवण्यासाठी हाली रुपये सुमारे ११७ लागतात. आता सरकारी विनिमय दर पाहावा: १०० कलदार रुपयांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया या हिशेबाने हा आकडा ११६.६७ येतो, आणि त्याचे सोपे रूप म्हणजे सात हालीला सहा कलदार. एका कलदाराला एक हाली, दोन आणे आणि आठ पै. शाळेत त्रैराशिक शिकणाऱ्या मुलाला अवघड वाटेल असा हा दर कोण्या अधिकाऱ्याच्या लहरीतून आलेला नव्हता, दोन नाण्यांतील चांदीचा तोल त्यात जवळपास जसाच्या तसा उतरलेला होता.

‘स्टार ट्रेक’च्या विश्वातील फेरेंगी नावाची व्यापारी जमात ‘लॅटिनम’ हा द्रव धातू चलन म्हणून वापरते, आणि तो सोन्याच्या आवरणात बंदिस्त केलेला असतो. त्या विश्वात कोणतीही वस्तू क्षणात तयार करणारी यंत्रे आहेत. सोने तर त्यामुळे मातीमोल झाले आहे, पण लॅटिनमची नक्कल त्या यंत्रांना साधत नाही, म्हणून त्याला मोल आहे. लेखकांनी इथे चलनाचे एक जुने तत्त्व अचूक पकडले आहे: जे सहज निर्माण करता येत नाही तेच मोजमापाला उपयोगी पडते. मात्र धातूच्या दुर्मीळतेवर उभे असलेले चलन त्या धातूच्या भावाबरोबर खाली-वर होते, आणि ही अडचण फेरेंगींच्या वाट्याला आलेली दिसत नाही. हाली रुपयाच्या वाट्याला ती आली. १८९३ साली ब्रिटिश सरकारने आपल्या टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या, म्हणजे कोणीही चांदी नेऊन द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत ही मुभा काढून घेतली. कलदाराचे मोल त्यामुळे चांदीच्या घसरत्या भावापासून सुटले, हालीचे मात्र लगेच सुटले नाही. दोहोंमधील दर काही काळ डळमळीत राहिला आणि संस्थानाला स्वतःच्या नाणेपद्धतीची फेररचना करावी लागली. वर सांगितलेला सात-सहाचा स्थिर दर ही त्यानंतरची कमाई आहे.

हद्दीचा प्रश्न याहून तीव्र असतो. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील १९९९ सालच्या चित्रपटात प्रजासत्ताकाचा एक दूत टॅटुइन नावाच्या वाळवंटी ग्रहावर यानाचा सुटा भाग विकत घेऊ पाहतो, आणि तेथील भंगारवाला प्रजासत्ताकाचे क्रेडिट सरळ नाकारतो, कारण त्या ग्रहावर प्रजासत्ताकाचा हुकूम चालत नाही. त्या साऱ्या मालिकेत अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा सर्वांत पक्का प्रसंग आहे. मराठवाड्यात हीच अडचण रोजची होती. परभणी, मानवत आणि सेलू या बाजारांतील कापूस रेल्वेने मनमाडमार्गे मुंबईकडे जाई. मनमाड ब्रिटिश हद्दीत, गिरण्या ब्रिटिश हद्दीत, म्हणून कापसाचे पैसे कलदारात येत, आणि शेतकऱ्याच्या हाती पडत ते हालीत. उत्तरेला हिंगोलीपलीकडे वऱ्हाड लागे, तिथेही कलदारच. हद्दीवर संस्थानाची करोडगिरी, म्हणजे मालावरील जकात वसूल करणारे खाते, आणि त्याच्या जोडीला सराफाचा बट्टा, अर्थात एक नाणे देऊन दुसरे घेताना कापली जाणारी रक्कम. समजा, मुंबईत कापसाचे ३०० कलदार आले. सरकारी दराने त्यांचे ३५० हाली व्हावेत, परंतु शेतकऱ्याला पूर्ण साडेतीनशे मिळतील की त्यांतून काही दलालाच्या आणि सराफाच्या पदरात राहील, हे त्याला स्वतःला दर कितपत कळतो यावर अवलंबून असे. दोन चलने शेजारी नांदली की त्यांच्यामधील फट ही कोणाची तरी कमाई होते, आणि ती कमाई ज्याला आकडेमोड येते त्याची असते. काल्पनिक विश्वांत ही फट बहुधा बुजवलेली असते, त्यामुळे त्या विश्वांत तस्कर असतात, पण सराफ नसतात, आणि ही उणीव मोठी आहे.

नाण्यानंतर नोट. प्रथम महायुद्धाच्या काळात चांदीची टंचाई झाली तेव्हा हैदराबादने स्वतःच्या कागदी नोटा काढण्याचे ठरवले आणि १९१८ पासून त्या चलनात आल्या. त्या लंडनच्या वॉटरलो अँड सन्स या छापखान्यात छापल्या जात. नोटेवरील मुख्य मजकूर उर्दूत असे, आणि तिचे मोल इंग्रजी, मराठी, तेलुगू व कन्नड या भाषांतही दिलेले असे. संस्थानाच्या दफ्तरी कारभारात मराठीला जे स्थान सहसा मिळत नसे, ते कागदी रुपयावर मिळाले होते. याचे कारण औदार्यापेक्षा गरज हेच असावे, कारण चांदीचा रुपया न वाचताही खणखणीत वाजवून पारखता येतो, कागदाचा येत नाही. वाचता न येणाऱ्या भाषेतील आश्वासनावर कोणी धान्य विकत नाही.

नोट म्हणजे आश्वासन, आणि आश्वासनामागे उभी असते ती गंगाजळी, म्हणजे नोटांच्या बदल्यात देता येईल असा चांदीचा व रोख्यांचा राखीव साठा. या संदर्भात एक विलक्षण घटना नोंदवण्याजोगी आहे. मे १९२२ मध्ये ‘ईजिप्त’ नावाचे जहाज लंडनहून मुंबईकडे येत असताना फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ टक्कर होऊन बुडाले. त्यावर मोठ्या प्रमाणात सोने-चांदी होतीच, शिवाय निजामासाठी छापलेल्या नोटांचे गठ्ठेही होते. १९३० च्या दशकात इटालियन पाणबुड्यांनी समुद्रतळातून सोने वर काढले, त्याबरोबर भिजलेल्या नोटाही वर आल्या, आणि त्यांतील काही आज नाणेसंग्राहकांच्या संग्रहात पाहायला मिळतात. दहा वर्षे समुद्रात पडून सोन्याचे मोल तसूभरही कमी झाले नाही; नोटा मात्र कधी बाजारात पोचल्याच नाहीत, त्यामुळे त्या पैसा झाल्याच नाहीत. छापलेला कागद आणि पैसा यांतील अंतर याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण कोणत्याही विज्ञानकादंबरीत शोधून सापडणे कठीण आहे.

डग्लस अॅडम्स या विनोदी विज्ञानकथाकाराने मात्र त्या अंतराच्या जवळ जाणारी एक कल्पना लढवली होती. त्याच्या कथेत एका ग्रहावर उतरलेली माणसे झाडांची पाने हेच कायदेशीर चलन म्हणून जाहीर करतात, साहजिकच सगळे रातोरात कोट्यधीश होतात, आणि मग महागाई आवरण्यासाठी जंगले जाळून टाकण्याची योजना पुढे येते. कायदेशीर चलन म्हणजे देणे फेडताना जे घेण्यास नकार देता येत नाही असे चलन. सरकारचा शिक्का हे बंधन घालू शकतो, मोल घालू शकत नाही, हे अॅडम्सने दोन-तीन पानांत सांगून टाकले. फ्रँक हर्बर्टच्या ‘ड्यून’ कादंबरीत हा प्रश्न अधिक गंभीरपणे हाताळलेला आहे: तेथील साम्राज्याच्या ‘सोलारी’ या नाण्याची क्रयशक्ती सम्राट, सरदारांची सभा आणि अंतराळवाहतुकीची मक्तेदार संघटना या तिघांच्या वाटाघाटींतून दर चारशे वर्षांनी ठरते. चलन हा तह असतो, ही हर्बर्टची जाण हैदराबादच्या इतिहासाशी नीट जुळते. फरक इतकाच, की निजामाला समोर एकच पक्ष होता आणि तो कलकत्त्यात, नंतर दिल्लीत बसत असे.

अंतराचा प्रश्नही इथेच घ्यावा लागेल. दोन ताऱ्यांमध्ये निरोप पोचायला वर्षे लागत असतील तर पैसे दिल्याची खात्री कशी पटावी, हा प्रश्न पॉल क्रुगमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७८ साली अर्ध्या थट्टेने लिहिलेल्या आंतरतारकीय व्यापारावरील निबंधाच्या भोवती घोटाळतो, आणि चार्ल्स स्ट्रॉस यांनी २०१३ सालच्या ‘नेपच्यून्स ब्रूड’ या कादंबरीत त्यावर अख्खी व्यवस्था रचली आहे. त्या कादंबरीतील ‘संथ पैसा’ प्रकाशाच्या एक तृतीयांश वेगाने जातो, कारण देणारा, घेणारा आणि साक्षीदार पेढी यांच्यामध्ये सह्यांची ये-जा पुरी झाल्याखेरीज तो पक्का होत नाही. भारतीय पेढ्यांना ही रीत अपरिचित नव्हती. एका गावच्या सावकाराने दुसऱ्या गावच्या पेढीवर लिहिलेली हुंडी दोन प्रकारची असे: दर्शनी हुंडी दाखवताच वटवायची, आणि मुदती हुंडी ठरलेला काळ गेल्यावर. रेल्वे आणि तार येण्यापूर्वी हैदराबादहून पुण्याला रोकड पाठवण्यापेक्षा हुंडी पाठवणे सुरक्षित होते, आणि ती दोन निरनिराळ्या नाण्यांच्या मुलखांना जोडत असल्यामुळे नाण्यांतील फरकाचा हिशेबही तिच्यातच मिटवला जाई. स्ट्रॉस यांची कल्पना चतुर आहे, पण तिचे नावीन्य अंतराच्या आकड्यात आहे, तत्त्वात नाही.

हाली सिक्क्याच्या इतिहासातील सर्वांत नाट्यमय वर्षे १९४१ ते १९४८ ही होत. १९४१ च्या कायद्याने हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली, आणि नेहमीच्या बँकव्यवहाराबरोबर संस्थानाचे चलन व सरकारी कर्ज सांभाळणे हे काम तिच्याकडे सोपवले गेले. १५ ऑगस्ट १९४७ नंतर संस्थानाने भारतात सामील होण्याचे टाळले, २९ नोव्हेंबर १९४७ रोजी ‘जैसे थे’ करार झाला, आणि त्याची शाई वाळते न वाळते तोच निजाम सरकारने दोन वटहुकूम काढले: एकाने मौल्यवान धातू संस्थानाबाहेर नेण्यावर निर्बंध आले, दुसऱ्याने भारतीय चलन संस्थानात कायदेशीर राहिले नाही. त्याच सुमारास भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपाने पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज देऊ केल्याचे उघडकीस आले. सैन्य हलवण्याच्या कितीतरी आधी चलन हलवले गेले होते, आणि दिल्लीने ते कराराचा भंग म्हणूनच मानले. दुसऱ्या बाजूने हैदराबाद मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांनीही पैशाचे महत्त्व ओळखले होते. ३० जानेवारी १९४८ रोजी पालमच्या पूर्वेस नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर त्यांनी छापा घातला आणि वीस लाखांहून अधिक रुपये लढ्यासाठी ताब्यात घेतले. सार्वभौमत्वाचा दावा ज्या कागदावर छापलेला होता, तोच कागद त्या दाव्याविरुद्ध वापरला गेला.

सप्टेंबर १९४८ मधील भारत सरकारच्या पोलीस कारवाईने निजामाची सत्ता संपली. सत्ता संपली की तिचे चलन काय होते, याविषयी विज्ञानकथांची समजूत बहुधा फार घाईची असते. ‘मँडलोरियन’ या मालिकेत साम्राज्य कोसळल्यानंतरचे शाही क्रेडिट देऊ करताच नायक नाक मुरडतो आणि अर्ध्या मोबदल्यात का होईना, पण दुसरे नाणे पसंत करतो. शत्रूचे पैसे एका रात्रीत कवडीमोल, असा तेथील सूर आहे. मराठवाड्यात तसे घडले नाही. २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद हे भारतीय संघराज्यातील राज्य झाले, तेव्हा भारतीय रुपया हालीच्या शेजारी आणून ठेवला गेला आणि दर जुनाच, सातास सहा, कायम राहिला. १९५१ मध्ये नवे हाली निघणे थांबले, पण लोकांच्या हाती असलेले चालत राहिले. पराभूत राज्याचे देणे विजेत्या राज्याने त्याच दराने स्वीकारले, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. तसे केले नसते तर ज्यांच्या घरात थोडीफार रोकड होती असे छोटे शेतकरी आणि दुकानदार सर्वांत आधी बुडाले असते, आणि निजामाच्या दरबारातील श्रीमंतांनी आपले धन सोन्यात व कलदारात केव्हाच फिरवून घेतले असते.

या संक्रमणाची गुंतागुंत काल्पनिक विश्वांना लाजवील अशी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत हैदराबाद राज्यच विसर्जित झाले आणि परभणी जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्यामुळे पालमसारख्या गावच्या बाजारात काही काळ सोळा आण्यांचा हाली, सोळा आण्यांचाच पण अधिक मोलाचा भारतीय रुपया आणि शंभर पैशांची नवी मोजणी असे तीन हिशेब एकमेकांवर पडलेले होते. आठ आणे म्हटले तर कोणते आठ आणे, हा प्रश्न विचारावाच लागे: हालीच्या आठ आण्यांचे भारतीय चलनात सात आण्यांहूनही कमी, आणि नव्या पैशांत त्रेचाळीसच्या आसपास होत.

मराठी विज्ञानकथेने जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांच्या लेखनातून विज्ञान आणि समाज यांच्या नात्याचा कसदार विचार केला आहे, पण तिच्यात चलन हा कथेचा विषय क्वचितच होतो. ज्या लेखकाला तो करावासा वाटेल, त्याने दूरच्या आकाशगंगेकडे जाण्यापूर्वी मराठवाड्यातील जुन्या पेढ्यांच्या वह्या आणि घराघरांत उरलेली चारमिनारची नाणी पाहावीत. ती नाणी चांदीच्या भावाने वितळवली जाण्याआधी पाहावीत, हे अधिक बरे. हाली सिक्का १९५९ मध्ये चलनातून पूर्णपणे बाद झाला, म्हणजे ज्या निजामाच्या सत्तेने तो काढला तिच्यानंतर अकरा वर्षांनी आणि ज्या राज्याचे नाव तो मिरवीत होता त्या राज्यानंतर तीन वर्षांनी. त्याच वर्षी त्याची सांभाळणूक करणारी बँक भारतीय स्टेट बँकेची उपबँक झाली, आणि ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ या नावाने मराठवाड्यात काम करीत राहून १ एप्रिल २०१७ रोजी तिच्यात विलीन झाली.